हवी असलेली खरखर

"बाबा, हा गुरगुरतच नाहीये हो!"

तालमीच्या खोलीत मुलगी गिटार अडकवून उभी होती. पायाशी मी बनवलेला ओव्हरड्राइव्हचा डबा. बटण दाबल्यावर गिटारचा आवाज घोगरा, दाणेदार व्हायला हवा. होत होता तो नुसता मोठा. तासाभरात कार्यक्रम. दुकानातला डबा तिनं घेतलाच नव्हता. सगळ्यांना सांगून बसली होती, "माझे बाबा करताहेत."

"काका, जन्मभर रेडिओतली खरखर काढलीत," ड्रमवाला म्हणाला, "आता घालायला हात धजत नसेल."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनात आलं, तो म्हणतो तेच खरं असलं तर? तीन महिने पुस्तकांत डोकं खुपसून आकृत्या गिरवल्या. या वयात नसते उद्योग सांगितले होते कुणी?

"घरी तर छान वाजत होता," मी पुटपुटलो.

"घरी गिटार कुठंय? ती तर इथंच असते. कशावर वाजवलात?"

"रेडिओची वायर जोडून..."

बोलता बोलताच चूक उमगली. रेडिओतून येतो तो आवाज तगडा. गिटारच्या तारांचा अगदी क्षीण, कानात कुजबुजल्यासारखा. डब्यातले दोन डायोड आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटतात, तेव्हा ती खरखर येते. इथं लाट त्यांच्या उंचीला पोचतच नव्हती. चाळीस वर्षं रेडिओ उघडणाऱ्यानंच करावी अशी चूक.

"दहा मिनिटं दे."

"राहू द्या बाबा. मी अशीच वाजवीन."

तिचा तो समजूतदारपणाच जास्त लागला. मी फरशीवर बैठक मारली, पिशवीतलं सोल्डरिंगचं सामान काढलं आणि डब्याचं झाकण उघडलं. आवाज किती वाढवायचा हे ठरवणारा रेझिस्टर काढून त्याजागी बराच लहान बसवायचा, एवढंच काम. पण डब्याच्या आत सोल्डरिंगचं टोक कुठं टेकवायचं ते नीट दिसेना. ड्रमवाला शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं मोबाइलचा उजेड धरला.

"लाव आता."

तिनं तार छेडली. खोलीभर घोगरा, भरदार आवाज घुमला. हळू छेडली तर तोच आवाज निवळला.

"अगं बाई!" ती ओरडली.

"काका, शब्द मागे घेतो," ड्रमवाला म्हणाला.

मी दाराजवळच्या खुर्चीत टेकलो. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी पहिलं गाणं सुरू केलं. मुलगी डोळे मिटून वाजवत होती. मधेच तिनं पायानं डबा चाचपला, बटण दाबलं, आवाज गुरगुरला; पुन्हा दाबलं, निवळला.

खाली तिनं एकदाही पाहिलं नाही.