वेलाच्या टाचा

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, पण तुम्ही बसता तसली नाही. माझे पाय उंच, पाठ सरळ, पुढे एक रुंद फळी आणि खाली पाय टेकवायला एक पट्टी. माझ्यावर बसायचे तर वय दीड वर्षाच्या आत हवे. तुम्ही बसायला जाल तर मी मोडेन, आणि वर बोलणी तुम्हालाच खावी लागतील.

माझा जन्म रोडोपी डोंगराच्या पायथ्याशी, एन्चो सुताराच्या हातून झाला. बीच नावाच्या झाडाचे लाकूड त्याने दोन हिवाळे वाळवले. कडा घासून झाल्या की तो फळीवर स्वतःचा गाल टेकवायचा आणि कुठे टोचते का ते बघायचा. त्याच्या तिन्ही मुली माझ्यावर बसून जेवायला शिकल्या, म्हणजे खरे तर सांडायला शिकल्या. धाकटी देनित्सा मोठी होऊन शिकली-सवरली आणि मला प्लोवदिव शहरात घेऊन गेली. तिथल्या एका संस्थेत ती तान्ह्या बाळांचा अभ्यास करते. बाळ माणसांकडे कसे बघते, त्यांचे बघून काय करते, हा तिचा विषय.

लोकांना वाटते, बाळे नुसती लाळ गाळत बसतात. छे! मी शेकडो बाळे सांभाळली आहेत. देनित्सा कप उचलायला हात पुढे करते, आणि हात पोचायच्या आत बाळाचे डोळे कपावर जाऊन थांबलेले असतात. तिला काय करायचे आहे ते त्याला आधीच कळलेले असते. ती मूठ उघडते, तेही मूठ उघडते. ती ढोलकीवर ठोका देते, तेही फळीवर हात आपटते. बघणारे सगळे, समोरचा कॅमेरासुद्धा, बाळाचे तोंड बघतात, हात बघतात. मला मात्र टाचा कळतात. हात हलायच्या कितीतरी आधी टाचा पट्टीवर वाजू लागतात. हे मी कुणाला सांगणार? खुर्चीला कोण विचारतो!

माझे खूप कौतुक झाले. संस्थेच्या भिंतीवर माझा फोटोही होता. मग प्लास्टिकची धुता येणारी खुर्ची आली, आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्या पाठीवर ओले कोट वाळत पडू लागले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण एके दिवशी इतकी किरकोळ अंगाची मुलगी आली, की ती नव्या खुर्चीतून खाली घसरू लागली. मग देनित्साने कोट उचलले, मला पुसले आणि तिला माझ्यात बसवले.

तिचे नाव वेला. अकरा महिन्यांची. दोन महिने आधीच जन्मली म्हणून सहा आठवडे काचेच्या पेटीत राहिलेली. तिची आई झ्लातीना तेव्हा काचेबाहेर उभी राहून नुसती बघायची. अजूनही ती मुलीला श्वास रोखून उचलत असे. गावच्या डॉक्टरांनी सांगितले होते की ही माणसांकडे भिंतीकडे बघावे तशी बघते, कुणाची नक्कल करत नाही. देनित्सा तीनदा तपासणार होती आणि मग तिचा कागद राजधानी सोफियातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जाणार होता. झ्लातीनाच्या मनात एकच भीती होती. आपली मुलगी आपल्याला ओळखतच नाही की काय?

आमच्या खोलीचा नियम कडक होता. आईने काळा चष्मा लावून मागे बसायचे, हलायचे नाही, बोलायचे नाही, म्हणजे बाळाला तिच्याकडून खूण मिळायची नाही. देनित्साच्या कानात यंत्राचा ठोका वाजे आणि ती त्याबरहुकूम ढोलकी वाजवी. सगळ्या बाळांना तोच ठोका, सरळ, एकसारखा. पहिल्या दिवशी वेला गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. तिच्या टाचा माझ्या पट्टीवर नुसत्या पडून होत्या. देनित्साने दोन्ही दिवशी कागदावर ‘नाही’ असे लिहिले आणि मी हताश झाले.

तिसऱ्या दिवशी झ्लातीनाची आई, स्तोयनाआजी, बरोबर आली. रुमालात बनित्सा बांधून आणलेली, चीज भरलेली, अजून गरम. दहा मिनिटे ती दाराशी बसून ठोका ऐकत राहिली. एवढे तिला फार झाले.

“काय गं पोरी, हे टक-टक काय चालवलंयस? खिळे ठोकतेयस?”

“आजी, सगळ्या बाळांना हाच ठोका असतो. यंत्र देतं.”

“यंत्र कुणाच्या लग्नात नाचलंय? तू गुरुवारी बागेत फेर धरून नाचतेस, बघितलंय मी. तिथे अशी नाचलीस तर शेजारणीच्या पायाचा भुगा होईल!”

देनित्साला हसू आवरेना. “अहो, पण नियम...”

“नियम जाऊ दे खड्ड्यात. ही दिवसभर माझ्यापाशी असते. मी पावाचं पीठ मळताना ठोका धरते, ही शेजारी बसून बघते. तिला ठोका माहितीय, तो हा.”

आणि आजीने माझ्या फळीवर तळवा आपटला. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. आमच्याकडची जुनी, लंगडत चालणारी चाल. देनित्सा स्वतः तिच्यावर लहानपणापासून नाचत आली होती. खोलीत आल्यावर मात्र तिने ती पायताणांबरोबर दाराबाहेर काढून ठेवली होती.

मित्रांनो, माझ्या पट्टीवर एक टाच पडली. मग दुसरी. तंतोतंत नाही, बाळांचे तसे नसतेच. पण लांब ठोक्यापाशी ती टाच थांबायची आणि मगच खाली यायची. माझ्या पट्टीचा एक खिळा सैल झाला होता, तो करकरू लागला. एरवी मला त्याची लाज वाटे. त्या दिवशी मी मनात म्हटले, करकर बाबा, जोरात करकर!

“हे काय वाजतंय?” देनित्सा वाकली. फळीखाली बघता बघता ती जमिनीवरच बसली. कॅमेऱ्याला कधीच न दिसलेले पाय तिच्या डोळ्यांसमोर नाचत होते. “झ्लातीना, चष्मा काढ आणि पुढे ये. आता तू वाजव.”

“मी? मला नाही जमणार, ताई. मला तिला हात लावायचीसुद्धा भीती वाटते.”

“अगं, ती काचेची नाहीये,” आजी म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. “पेटीतून केव्हाच बाहेर आलीय ती. तूच अजून बाहेर उभी आहेस.”

झ्लातीना समोर बसली. तिने फळीवर हात आपटला. दोन आखूड, आणि लांब ठोक्यापाशी तिला रडू फुटले. हात हवेतच राहिला. वेलाची टाचही वर राहिली. मुलीने मान उचलली आणि आईच्या तोंडाकडे टक लावून बघितले. ती वाट बघत होती. आईने डोळे पुसले, हात खाली आणला, आणि त्याच क्षणी टाच पट्टीवर पडली. थोड्या वेळाने माझ्या फळीवर दोन हात वाजू लागले, एक मोठा आणि एक अगदी चिमुकला.

देनित्साने कागदावरचे दोन्ही ‘नाही’ खोडले. शेजारी लिहिले, ‘चूक माझी. ठोका तिचा नव्हता.’ वेला अजून सावकाशच वाढते आहे, तिला डॉक्टर लागतील, औषधे लागतील. पण आई आता तिला श्वास न रोखता उचलते.

मित्रांनो, माझा खिळा कुणी ठोकला नाही तरी चालेल. एकच मागणे आहे. तुमच्या घरी बाळ असेल तर त्याच्यासमोर बसा, त्याच्या ओळखीचा ठोका द्या, आणि मग जरा थांबा. घाईने उठून जाऊ नका. कुणी सांगावे, ते टाच वर धरून तुमचीच वाट बघत असेल.