सातव्या खोलीची झुरळं

झुरळं मोजून कोणी डॉक्टर होतं का, असं आई विचारते. होतं. मी होतेय. सोमवारी थिसिस द्यायचा आहे, आज शुक्रवार, आणि सातव्या खोलीची आलेखावरची रेषा मला सुखाने जेवू देत नाहीये.

लालबागच्या चाळीतल्या बारा खोल्या. सहा स्वयंपाकघरांत झुरळांचं औषध, सहांत तसाच दिसणारा साखरेचा पाक. दोन्हींच्या नळ्यांवर फक्त नंबर. कुठे काय, ते बंद पाकिटात. दर शनिवारी ओट्याखालच्या चिकट कार्डावरची झुरळं मोजायची, आठ आठवडे. शहाण्णव आकडे झाले म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. एकाच ओट्याखाली आठदा वाकलं तरी घर एकच. घरं बारा, रेषा बारा. त्यातली एक वाकडी गेली की सगळंच बोंबललं.

काल माझे गाईड अभयसर यांनी पाकीट फोडलं. सातवी खोली पाकाची निघाली, आणि तिची रेषा तिसऱ्या आठवड्यापासून शून्यावर! औषध आणि पाक यांतला फरकच उरेना.

"वगळून टाक," सर म्हणाले.

"कारण काय लिहू? मला आवडली नाही म्हणून?"

माझं तोंड असंच आहे, त्याला काय करणार.

आज तिरमिरीत चाळ गाठली. सातव्या खोलीतल्या रमाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आजी, कार्डाला कधी हात लावलात?"

"लावला तर. तू येवच्या आधी चिमट्याने उचलून टाकायचे. शेजारणी म्हणायच्या, आमची कमी झाली. माझीच नाय गो. माझ्या घरान तुका नापास कशाक करूचा?"

राग आला, पण तो काढू कुणावर?

"झालीस मा पास?"

"नाही. आता पुन्हा आठ आठवडे मोजायचं."

सुपातला हात थांबला. "माझ्यामुळे?"

आकडा खोटा लिहिणाऱ्याला मी उभा चिरेन. थिसिसमध्ये चिमट्यासकट सगळं येणार, सोमवार गेला तो गेलाच.

"नाही हो," मी म्हटलं, "औषधच फुसकं निघालं."

रमाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"म्हणजे माझ्या घराचो दोष नाय," त्या म्हणाल्या. "दोन म्हयने शेजारणींसमोर मान वर केली नाय गो मी."