सहा टक्क्यांवर अडलेलं अपलोड

दुपारी बारा वाजेपर्यंत आवाजाच्या फायली स्टुडिओत पोहोचल्या नाहीत, तर पुस्तक वाचायला दुसरी कुणीतरी बसणार होती. बाळंतपणानंतरचं सुनेचं हे पहिलंच काम. साडेअकरा झाले होते आणि अपलोड सहा टक्क्यांवर बूड टेकून बसलं होतं.

सासरे तीस वर्षं टेलिफोनचे लाइनमन. बिघाड म्हटला की त्यांच्या अंगात बळ येई. त्यांनी राउटर लोखंडी कपाटावरून खिडकीत आणला, तारा खेचून पाहिल्या, बंद करून चालू केला. मिनिटभर आकडा पळाला, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"डाउनलोड झकास आहे, म्हणजे लाइन शाबूत आहे," ते म्हणाले. "कुणीतरी घरातूनच सारखं काहीतरी पाठवतंय."

"घरात आहे कोण, बाबा? तुम्ही, मी आणि झोपलेलं बाळ."

तिनं लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत लॅपटॉप होता, दोन फोन होते आणि चौथं एक अनोळखी यंत्र. सगळं अपलोड तेच खात होतं. शेजाऱ्यांनी पासवर्ड लांबवला असणार, असं म्हणून तिनं ते तोडून टाकलं. सहाचे तीस झाले, तिसाचे साठ.

"अगं, बाळ दिसेनासं झालं," सासरे म्हणाले. त्यांच्या हातात फोन होता.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. शेजारच्या खोलीत, पाळण्यासमोरच्या फळीवर, कापडी हत्तीच्या मागे सासऱ्यांनीच बसवलेला इवलासा कॅमेरा होता. सकाळपासून तो बाळाची झोप इंटरनेटवर चढवत होता. तारेतला माणूस, बिनतारी कॅमेऱ्याचा त्याला संशयच आला नव्हता.

"बाबा, विचारायचं तरी," ती चिडून म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, रेकॉर्डिंग चालू असताना त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, बाळ उठतं. म्हणून इथूनच बघत बसतो."

ती म्हणाली होती खरं. महिन्यापूर्वी, एका वैतागलेल्या दुपारी, आणि तेही तेवढ्या दिवसापुरतं. म्हातारा महिनाभर ते पाळत होता. तिला स्वतःची लाज वाटली.

बाराला आठ मिनिटं कमी असताना फायली पोहोचल्या. पुढचं प्रकरण वाचायचं होतं. त्याआधी तिनं कॅमेऱ्याची पिन काढली, सासऱ्यांची खुर्ची उचलली आणि पाळण्याशेजारी नेऊन ठेवली.