पेरणीच्या दिवसांतली मोजणी

हिंगोलीजवळच्या कनेरगाव नाक्याचा रत्नपाल आफ्रिकेत एका खाजगी कंपनीत नोकरीला होता. कंपनी आपल्याकडचीच, भारतातली. तिनं तिकडच्या सरकारकडून एक जुना रेल्वेमार्ग करारानं चालवायला घेतला होता. खाणीतलं तांबं बंदरावर पोचवायचं, हा तिचा खरा धंदा. पण त्याच रुळांवर पॅसेंजरही चालवायची, अशी करारात अट होती. ती कंपनीला जड जात होती. प्रवासीच नाहीत असं दाखवता आलं, तर अट सुटणार होती.

साहेबांनी रत्नपालला प्रवासी मोजायला पाठवलं ते ऐन पेरणीत. पेरणीच्या दिवसांत माणसं शेतात असतात आणि गाडी मोकळी धावते, हे हिंगोलीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. रत्नपालला ते कळत होतं, तरी तो मोजायला गेला.

डब्यात ग्रेस नावाची बाई भेटली. शेंगांची पोती घेऊन बाजाराला निघालेली. हा मोजतोय म्हणजे डबे वाढणार का, असं तिनं विचारलं. रत्नपालनं होकाराची मान हलवली. तेव्हा तिनं बाकाखाली झोपलेली आपली लेकरं उठवून बसवली, मोजणीतून सुटू नयेत म्हणून. वर त्याच्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा घातल्या.

त्या मोजणीवर कंपनीची अट सुटली आणि लवकरच तिकडची पॅसेंजर बंद झाली. रत्नपालला बढती मिळाली आणि तो सुट्टीवर घरी आला.

आईचे, जनकाबाईचे डोळे दाखवायला दोघं हिंगोलीला निघाले. गावच्या स्टेशनात शेजारच्या तांड्यावरची मोतीबाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. गाड्या कंपन्यांना देणार असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. आपली पॅसेंजर राहील का, असं तिनं रत्नपालला विचारलं. तो काही बोलायच्या आत जनकाबाईच म्हणाली, "माजं पोरगं त्याच कामात हाय. ते बंद होऊ देईल व्हय?"

मोतीबाई निश्चिंत झाली.

गाडीत रत्नपालला बसवेना. तो दाराशी जाऊन उभा राहिला. आई मागोमाग आली. काय होऊन राहिलं, असं तिनं विचारल्यावर त्यानं सगळं सांगितलं.

जनकाबाई म्हणाली, "ती बाई बाजाराला कशी जाती आता?"

"ट्रकवर बसून. कधी जातच न्हाई."

"आन् तिनं इचारल्यावर तू मान हलवली."

"व्हय."

हिंगोलीला उतरताना त्यानं हात पुढं केला. जनकाबाई दाराचा दांडा धरून एकटीच उतरली.

दवाखान्यात तिचा नंबर येईपर्यंत रत्नपालनं तिकडच्या रेल्वे खात्याला मोबाईलवरून मेल लिहून पाठवला. मोजणी मुद्दाम पेरणीत घेतली, ते माहीत असून आपण केली, सुगीत पुन्हा मोजा, एवढंच. खात्यानं कंपनीकडं खुलासा मागितला आणि त्याच आठवड्यात कंपनीनं त्याला कामावरून काढलं. खात्याची चौकशी अजून चालूच आहे.

रत्नपाल आता जवळा बाजारला कापसाच्या एका जिनिंगमध्ये काम करतो. घरी फोन केला की जनकाबाई आधी जेवलास का विचारते, मग थोडं थांबून, "तिकडची गाडी सुरू झाली का?"

"न्हाई, माय," तो म्हणतो.