टाकीचं झाकण

पेट्रोलचा वास काही जात नव्हता आणि मार्तंड सरांचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. उद्या अमावस्या. लेकीला, विमलला, बाळंतपणासाठी तिच्या सासरहून, धावड्याहून, आणायचं ते आजच. मागच्या खेपेला ती खचाखच भरलेल्या जीपमधून माहेरी आली आणि आठ दिवसांत मूल पोटातच गेलं. जीपचा काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या सरांना ते पटलं नाही. त्यांनी ही जुनी मोटार घेतली ती तिच्यासाठीच, आणि आता मोटारीतच मळमळावं असा वास!

जालन्याच्या गॅरेजात सर येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या पत्नी शरयूबाई मांडीवर लाडवांचा डबा घेऊन बाकावर बसल्या होत्या. मेकॅनिक भुजंग सरांचाच जुना विद्यार्थी. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात अडते आणि तिथून इंजिनात जाते, ती मधेच कुठेतरी निसटतेय, हे त्याने परवाच ओळखलं होतं. नळीही बदलली होती. वास तसाच.

"तीन दिवस झाले, एक गळती सापडेना तुला?" सर कडाडले. "शाळेतही असाच होतास!"

"साबणाचं पाणी लावून पाहून राह्यलो, सर. जरा दम धरा."

भुजंगने सायकलच्या पंपाने नळीत हलकी हवा भरली आणि ब्रशने एकेका जोडाला फेस लावत तो मागे सरकला. कोळशाचा डबा ठीक. व्हॉल्व्ह ठीक. तो टाकीच्या झाकणाशी पोचला. तिथे काय आहे, ते सरांना आत्ता आठवलं.

झाकणाभोवती बुडबुडे उठले. भुजंगने ते फिरवून काढलं. रबराखाली लाल दोरा दबला होता आणि त्याच्या फटीतून वाफ निसटत होती.

"परवा पयलं हेच विचारलं व्हतं, सर. तुम्ही म्हनले, मी सोता लावलंय, बराबर हाय. मंग तुमच्या शब्दावर म्या उघडलंच न्हाई."

शरयूबाई उठल्या. "राजूरच्या गणपतीला मी दोरा घेतला, तर स्टिअरिंगला बांधू दिला नाहीत. अडाणीपणा म्हणालात. मग हा कोणाचा?"

पुजाऱ्याने बांधला असेल, हे सरांच्या अगदी ओठांवर आलं. पण समोर भुजंग मान खाली घालून उभा होता, वर्गात उभा राहायचा तसाच.

"माझा. तू दर्शनाला गेलीस तेव्हा मीही एक घेऊन बांधला. कोणाला दिसू नये म्हणून इथे." सर शरयूबाईंकडे वळले. "मला भीती वाटते गं, विमलसाठी. आणि भुजंग, तुला उगीच बोललो. चूक माझी आहे."

"चालायचंच, सर. जल्दी निघा आता."

त्याने रबर पुसून झाकण घट्ट लावलं. शरयूबाईंनी पर्समधून आपला दोरा काढला आणि काही न विचारता स्टिअरिंगला गुंडाळला. गाठ सैल राहू नये म्हणून सरांनी तिच्यावर बोट धरलं.