कुंपणाबाहेरचा रिसीव्हर

टोलिडोच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये पळत जाऊन चेंडू झेलणारे रिसीव्हर पाच, आणि टायरेल पेटवे त्यातला पाचवा. आठ वर्षं पाचवाच. पुढच्या चौघांत कुणाचा पाय मुरगळला की याला आत ढकलायचं, पाय बरा झाला की हा परत बाकावर. डावीकडचं, उजवीकडचं, मधलं, तिन्ही जागांचं पळणं त्याला तोंडपाठ. शिवाय दुसऱ्यांच्या हेल्मेटात दाढीचा फेस भरायचं खातं कायमचं त्याच्याकडेच.

मोसम तोंडावर आला आणि कोच हॉलकनी त्याला खोलीत बोलावून दार लावलं.

"टायरेल, तुला काढतोय."

"कोच, थट्टा करायचं काम माझं आहे."

"अरे, एका दिवसापुरतं! ब्रॅनिगनचा गुडघा गेलाय. आज त्याला त्रेपन्न खेळाडूंच्या पक्क्या यादीत धरावं लागतं, तेव्हा कुठे उद्या जखमींच्या यादीत टाकता येतं. तोवर एक जागा रिकामी हवी. नव्या पोराला सोडलं तर दुसरी टीम त्याला उचलून नेते. तुझ्यासारखा जुना मोकळा सुटतो, मनाला येईल तिथं सही करतो. उद्या संध्याकाळी येऊन सही कर."

"लिहून देताय?"

"याचं लिहून देत नाहीत. हात मिळवायचा फक्त."

टायरेलनं हात मिळवला. वर कोचच्या टेबलावरचा डोनटही उचलला. बेकार माणसाला कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला. फाटकावरचा पहारेकरी काही आत सोडेना. मग या बहाद्दरानं घडीची खुर्ची आणली आणि कुंपणाबाहेर प्रेक्षकांत ठाण मांडलं.

"ए सतरा नंबर! वळायच्या आधी खांदा कशाला दाखवतोस? आमंत्रण देतोस का समोरच्याला?"

सतरा नंबर म्हणजे ज्यूल्स, टीमचा पहिला रिसीव्हर. तो ओरडला, "कोच, त्या म्हाताऱ्याला हाकला! बिनकामाचा बसलाय!"

"बिनकामाचाच आहे! तुमच्या कोचनं केलाय!"

शेजारी मिस वर्नेट बसल्या होत्या. टीमच्या सरावाला रोज हजर असणारी बाई. त्यांनी अर्धा हॉटडॉग त्याच्या हातात ठेवला. "बाळा, खरंच काढलं रे तुला?"

"आजच्यापुरतं, मिस वर्नेट."

"माझा नवरापण हेच म्हणून गेला होता."

टायरेल खो खो हसत होता, तेवढ्यात एजंटचा फोन आला. ओमाहाच्या टीमला तिसरा रिसीव्हर हवा होता. तिसरा! म्हणजे दर सामन्यात मैदानात, कुणाच्या मुरगळण्याची वाट बघायची गरज नाही. विमान तयार. तासाभरात हो की नाही ते सांगायचं.

त्याचं हसू मावळलं. हॉटडॉग हातातच राहिला. आठ वर्षं जे मागत होता, ते आज चालत दाराशी आलं होतं, आणि तेही त्याला दारच नसताना. कागद नाही, सही नाही. गेला असता तर कुणी कोर्टात खेचणार नव्हतं.

समोर ज्यूल्स पुन्हा पळाला. या वेळी खांदा लपवला, चेंडू झेलला आणि लगेच कुंपणाकडे बघितलं. टायरेलनं अंगठा वर केला.

मग कोचना हाक मारली आणि जाळीतूनच सगळं सांगून टाकलं.

कोचनी टोपी काढून हातात फिरवली. "मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो," ते म्हणाले. "जा. मी तोंड वाकडं करणार नाही."

"तुम्हाला कोण बोलावणार होतं? तुम्ही खेळायचात तेव्हा चेंडू हातातून लोण्यासारखा निसटायचा म्हणे."

"टायरेल, चेष्टा पुरे. खरंच जा."

"आणि पुढच्या वर्षी असाच कुणाचा गुडघा गेला तर? कुणाशी हात मिळवाल? एकजण पळाला की तुम्ही दुसऱ्यावर विश्वास ठेवाल होय? मग माझ्यासारख्या जुन्यांना कायमचंच काढाल." त्यानं एजंटला फोन लावला आणि कोचसमोरच नाही म्हणून सांगितलं. पलीकडून एजंटच्या शिव्या मिस वर्नेटनाही ऐकू गेल्या.

कोचनी जाळीतून दोन बोटं बाहेर काढून त्याचं बोट दाबलं.

"फुकटात नाही हं," टायरेल म्हणाला. "रविवारच्या सामन्यात पहिला चेंडू माझ्याकडे."

"दुसरा."

"पहिला!"

"दुसरा. आणि माझ्या टेबलाला हात लावायचा नाही."

"दुसरा चालेल," टायरेल खुर्ची मिटत म्हणाला. "टेबलाचं बघू."