पुलाने घरी येते

आमच्या चर्चशी जोडलेल्या विलायतेतल्या चर्चची मंडळी गावात आली की बायका गाणी म्हणायच्या आणि कोंबड्या जिवाला मुकायच्या. या खेपेला मात्र बैल कापला होता, कारण मंडळी मापुलानेच्या लेकीला, पुलानेला, घेऊन येत होती. आमच्यात आईला लेकराच्या नावाने ओळखतात, पुलानेची आई ती मापुलाने.

पुलाने तिकडे म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर गेली आणि तिकडेच तापाने गेली. मंडळींची पुढारीण हिलरी फोनवर रडत म्हणाली होती, "आम्ही तिला घरी घेऊन येऊ." गावच्या चर्चच्या फादर मोलेफींनी ते आमच्या भाषेत सांगितलं, मापुलाने "आणा" म्हणाली आणि बोलणं संपलं. कसं आणणार, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मेलेलं माणूस पेटीतून येतं, त्यात विचारायचं काय?

भावकीने माणसाच्या लांबीची कबर खणली. पोरीला पांघरायचं नवं घोंगडं जवळ घेऊन मापुलाने जमिनीवरच्या गादीवर बसून होती.

"एकदा तिचं तोंड बघू दे, मग मीपण मरायला मोकळी."

"मर की! पण आधी दोन घास खा," शेजारीण मालिनेओ म्हणाली. "उपाशी भूत कोण सांभाळणार?"

दुपारी गाडी आली. मापुलाने उठून थेट गाडीच्या मागच्या दाराशी गेली.

"पेटीची गाडी मागे राहिली का गं?"

हिलरीने कापडात गुंडाळलेली बरणी पुढे केली. सबंध प्रवासात तिने ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती. तिचे डोळे सुजले होते. बाई मनाची चांगली, त्याबद्दल वादच नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"फादर, काय आहे यात?"

फादरांचा चेहरा उतरला. "मापुलाने... तिकडे जाळतात."

"काय जाळतात?"

फादरांनी बरणीकडे बोट केलं. या डोंगरात जाळतात ते शेण.

मग मापुलाने अशी किंचाळली, की बायकांचं गाणं अर्ध्यावर तुटलं. हिलरी एकेकाचा दंड धरून विचारत होती, माझं काय चुकलं? रात्रभर मापुलाने बरणीवर घोंगडं घालून तिच्याशेजारी पडून राहिली. तोंड बघायचं तेवढं राहून गेलं.

सकाळी मापुलानेचा दीर कबरीत उतरला. खड्डा आता फारच मोठा दिसत होता. आमच्यात मेलेल्याचं तोंड उगवतीकडे करतात, म्हणजे शेवटच्या दिवशी उठताना समोर उजेड असतो. दिराने बरणी हातात घेतली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली आणि वर बघितलं.

"वहिनी, कशी ठेवू?"

मापुलाने हिलरीकडे वळली. तिच्या आवाजात राग उरला नव्हता.

"फादर, या बाईने तिला इतक्या लांबून आणलंय, तिला ठाऊक असेल. विचारा तिला, माझ्या पोरीचं तोंड कुठल्या बाजूला आहे?"

फादरांनी विचारलं. हिलरीने बरणीकडे बघितलं आणि तोंडावर हात धरला. ऊन कबरीच्या काठाशी आलं होतं. दीर बरणी घेऊन खाली तसाच उभा होता.